आत्याचा होकार

गुळगुळीत कागदावरचं पत्रक दिसलं की माझ्या कपाळाला आठी पडते. ही सवय घरातून आलेली आहे. माझे वडील पत्रकं लिहायचे. ऊसतोड मजुरांसाठी, पाण्याच्या पाळीसाठी, बंद केलेल्या एका एसटीसाठीसुद्धा. बारामतीच्या जुन्या छापखान्यातून ओल्या शाईचे गठ्ठे घरी यायचे आणि मी जमिनीवर बसून त्यांच्या घड्या घालायचे. अक्षरओळखही मला पत्रकांवरच झाली. वडील सांगायचे, पत्रक हातात आलं की आधी तळ बघायचा, म्हणजे ते कुणी काढलंय ते कळतं. मग मागणी शोधायची. ज्या पत्रकात मागणी नाही, ते कुणाच्या तरी सोयीसाठी काढलेलं असतं.

बारामतीच्या डॉक्टरांनी माझ्या हातात ठेवलेल्या पत्रकात मागणी नव्हती. वर एका म्हातारीच्या हाताचा फोटो, त्यावर एक तरुण हात, मागे मावळता सूर्य. आजार बरा होणार नसेल तर वेदना कमी करण्याकडे लक्ष द्या, कोणते उपचार नकोत ते आधीच ठरवा, शेवटचे दिवस कुठं आणि कसे काढायचे याचं नियोजन करा, असा एकूण मजकूर. तळाला देणगीदारांची नावं, अगदी बारीक टाइपात. दवाखान्याच्या बोळात, थंड फरशीवर अनवाणी उभी राहून मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, आमच्या माणसांच्या जगण्याचं नियोजन करायला कुणी कधी फिरकलं नाही, मरणाचं करायला मात्र रंगीत कागद घेऊन आलेत. इलाज परवडणाऱ्यांना इलाज, आणि बाकीच्यांना सन्मानाने निरोप.

आत खाटेवर आत्या होती. वडिलांची थोरली बहीण, इंदापूर तालुक्यात वरकुट्याला दिलेली. माझी आई मी लहान असतानाच गेली आणि वडील कायम कुठल्या ना कुठल्या मोर्चात, म्हणून मी आत्याच्या हाताखाली वाढले. पुढं वडीलही गेले. तेव्हापासून आई म्हणा, बाप म्हणा, आत्याच. तिच्या सासरी पूर्वी मेंढरं होती. लग्नानंतरची कितीतरी वर्षं तिनं दिवाळी सरली की घोड्यावर बिऱ्हाड लादून कोकणाच्या वाटेला चालण्यात काढली होती. नंतर मेंढरं विकली, रानात पाणी आलं, ऊस लागला. पण आत्याची चाल तीच राहिली. बाजारात जाताना मी सायकलवर असले तरी तिच्या मागंच असायचे.

वडिलांकडून मला पत्रकं मिळाली आणि आत्याकडून नरसिंहपूरचा देव. या दोन गोष्टींचं आमच्या घरात कधी भांडण झालं नाही. आत्या मला घेऊन देवळात जायची, वडील आमच्याबरोबर यायचे आणि खाली नीरेच्या घाटावर विडी ओढत बसून राहायचे. मी लहानपणापासून तापट. शाळेत कुणी कुणाला मारलं तरी भांडायला मी पुढं. त्याची तक्रार घरी आली की आत्या मला नृसिंहाची गोष्ट सांगायची, तिच्या पद्धतीनं. "देवाला आसा राग आला, आसा राग आला, की बाकीचं देव लांब पळालं. पर ते बारकं पोरगं सरळ जवळ गेलं. आन् त्याच देवानं त्याला उचलून मांडीवर घेतलं. राग डोळ्यात व्हता, मांडीत न्हवता." मला रागावण्याची परवानगी त्या एका वाक्यानं मिळाली होती. देव माझा होता, कारण तोही तापट होता.

आत्याच्या पोटात गाठ निघाली त्या दिवशी मी त्याच देवाला हाक मारली. आत्या तिच्या पायांनी चालत तुझ्या दारी येईल तोवर मी पायात काही घालणार नाही, असं बोलून चपला दवाखान्याच्या दारातच सोडल्या. पहिली शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, केस गेले, परत आले. मग कळलं की गाठ लिव्हरमध्ये पसरली आहे. माझे पाय मात्र तोवर चांगलेच तयार झाले होते. मी बारामतीत एका छापखान्यात मुद्रितं तपासते. तिथल्या कामगारांनी मला 'अनवाणी मॅडम' असं नाव ठेवलं होतं. आत्या माझ्या टाचांकडे बघून चुकचुकायची. "शहरातली टाच हाय तुजी. फुटंल."

त्या पत्रकवाल्या संस्थेचा बारामतीत एका सभागृहात कार्यक्रम होता. आमच्या छोट्या मासिकासाठी त्यांच्यावर लिहायचं असं ठरवूनच मी गेले. पुण्याहून आलेल्या बाई अतिशय मऊ आवाजात बोलत होत्या. पडद्यावर एकामागून एक शांत चेहरे येत होते. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. मी विचारलं, "तालुक्याच्या गावात कॅन्सरचा पूर्ण इलाज मिळत नाही, त्यासाठी तुम्ही कधी मोर्चा काढलात का? गरीब माणूस 'मला पुढचा उपचार नको' म्हणतो, तेव्हा ती त्याची इच्छा असते की त्याचा खिसा बोलत असतो, हे तुम्ही कसं ओळखता? आणि माझ्या आत्याला जगायचं आहे. तिला विचारा, ती स्वतः सांगेल." मागच्या रांगेतून टाळ्या आल्या. व्यासपीठावरच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या भावना मी समजू शकते." त्या वाक्यानं तर माझं डोकं आणखीच तापलं. मी भावना सांगितल्याच नव्हत्या, प्रश्न विचारले होते.

बाहेर पडले तर एक नर्स मागून धापा टाकत आली. तोंडात बिस्किट तसंच. "थांबा हो, किती भराभर चालता! मी या संस्थेतच आहे, पण मी इकडची, जळोचीची." मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "मग काय, तुमचं बोलणं मला पटलं. आणखी एक लिहा. दुखण्याच्या ज्या गोळ्या आम्ही सांगतो, त्या आमच्याच पेशंटला वेळेवर मिळत नाहीत. तेही छापा." असं बोलणारं माणूस मला तिथं अपेक्षित नव्हतं. मी थोडी गडबडले. तेवढ्यात तिनं विचारलं, "आत्यांना झोप लागते का?"

"ती खूप सहनशील आहे."

"ते नाही विचारलं मी."

तिनं माझा फोन मागून घेतला, तिचा नंबर त्यात स्वतःच घातला आणि स्कूटीला किक मारता मारता म्हणाली, "शिव्या द्यायला केला तरी चालेल." मला वाटलं, ही जास्त हुशार प्रचारक आहे. घरी जाऊन मी लेख पुरा केला. मथळा दिला, 'मरणाचे प्रचारक'.

दरम्यान पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी आणखी एक शस्त्रक्रिया सुचवली होती. आशा कमी आहे, पण प्रयत्न करून बघता येईल, असं ते म्हणाले. बारामतीचे डॉक्टर म्हणत होते, आता त्यांना त्रास देऊ नका, घरी न्या. आत्याचा मुलगा सुभाषदादा दोघांचं ऐकून घ्यायचा आणि माझ्याकडे बघायचा. "तू ठरीव बाई. मला ह्या डागदरचं बी खरं वाटतंय आन् त्या डागदरचं बी. तू शिकलेली, पत्रकं लिवणारी. आमी नुसतं ऊस लावणारं." म्हणजे निर्णय माझ्यावर आला. आत्याला पुण्याला न्यायचं की वरकुट्याच्या घरी ठेवायचं, एवढाच तो प्रश्न होता, आणि त्यात तिचा सगळा उरलेला काळ होता.

मी मला योग्य वाटलं ते केलं, आत्याला विचारलं. "आत्या, पुण्याला जायचं ना?"

"जायचं की."

"नक्की ना? तुझ्या मनात असेल तरच."

"तू म्हणतीस तर जायचं."

मला तिचा होकार ऐकू आला. तारीख ठरली. त्याच दिवसांत आत्यानं मिश्री लावणं सोडलं होतं. कुणाशी बोलता बोलता मध्येच ती पदराचं टोक दातांत धरायची आणि डोळे मिटून गप्प व्हायची. मी विचारलं की म्हणायची, "काय न्हाय, डुलकी लागली." मी त्यावर विश्वास ठेवला, कारण मला तो हवा होता. लढणारी माणसं अशीच असतात, असं मी मनाशी म्हणायचे, आणि वडिलांच्या एकेक मोर्चाची आठवण काढायचे.

पुण्याला निघायचा दिवस जवळ आला तेव्हा आत्या एकदम म्हणाली, "आधी मला नरसिंहपूरला न्या."

दादा म्हणाला, "आगं आयं, जरा बरी झाली की जाऊ."

"आत्ता न्या. पुण्यासनं माघारी येतीय का न्हाय कुणाला ठावं?"

"आसं बोलू नगंस."

"बरं, न्हाय बोलत. पर न्या."

दादानं मित्राची जीप आणली आणि मागच्या सीटवर गादी टाकली. कारखाने चालू होते, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. दादा कितीही जपून चालवत असला तरी खड्डा चुकत नव्हता. प्रत्येक हादऱ्याला आत्या माझा हात दाबत होती. मध्येच म्हणाली, "सुभाष, तू आईला नेतुयास का ऊस? हळू चालीव, साखरंचा उतारा कमी येईल." आम्ही तिघंही हसलो. मला बरं वाटलं. थट्टा करते म्हणजे बरी आहे, असं मला वाटलं.

दुपारची वेळ होती, गर्दी नव्हती. भीमा आणि नीरा जिथं मिळतात तिथलं पाणी संथ चमकत होतं. जीप पायऱ्यांपाशी थांबली. दादानं बाह्या वर सारल्या. "चल, उचलतो तुला. वजन ते काय ऱ्हायलंय, आर्धं पोतं बी न्हाय."

"उचलायचं न्हाय. मी चालत जाणार."

आणि ती खरंच उतरली. एक हात दादाच्या खांद्यावर, एक माझ्या. पहिली पायरी चढली, दुसरी चढली. मला काय आनंद झाला ते कसं सांगू! बघा, मी मनात त्या सभागृहातल्या सगळ्यांना म्हणत होते, बघा, तुम्ही हिला हिशोबातून काढून टाकलं होतं. मग आत्या अचानक वाकली. तिच्या तोंडातून एक आवाज आला. तसा आवाज मी माणसाच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. तो बराच वेळ दाबून ठेवलेला असावा आणि आता तिच्या हातात राहिला नसावा. ती पायरीवर बसली. चेहरा घामानं भिजला होता. दादानं उचलायला हात घातला तर तिनं तो झिडकारला. "न्हाय म्हणते ना! चालत." मी तिच्यासमोर उभी होते आणि मला काय करायचं ते कळत नव्हतं. सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार असलेली मी, तिथं रिकामी उभी होते. मी फक्त वर देवळाकडे बघितलं. काही मागितलंही नाही. मागायचं काय तेच उरलं नव्हतं.

खालून, नदीकडून एक बाई येत होती. साडीचा काठ ओला, कमरेवर कळशी, कपाळावर मोठं कुंकू. वयानं पन्नाशीची असेल. तिनं आमच्याकडे बघितलं, कळशी बाजूला ठेवली आणि आत्यालाच विचारलं, "काय पायजे, आजी?"

आत्या म्हणाली, "चालत जायचंय माय देवाफुडं. पाय ऐकत न्हाईत."

का, कशासाठी, आजार काय, उचलून का नेत नाही, यातलं त्या बाईनं काही विचारलं नाही. आत्याच्या मागं जाऊन तिनं बगलेत हात घातले आणि तिला अलगद उभं केलं. "माझ्या पायावर पाय ठिवा," ती म्हणाली. लहान मुलाला चालायला शिकवताना ठेवून घेतात तसे तिनं आत्याचे पाय आपल्या पायांवर ठेवून घेतले. आणि दोघी चालायला लागल्या. एक पाऊल, मग थांबायचं, मग दुसरं. दादा शेजारून हात आडवे धरून चालत होता. त्याला राहवलं नाही. "मावशे, ह्ये चालणं देव धरतुया का?"

बाई मागं न बघता म्हणाली, "पाय कुणाचं हायत? त्यांचंच न्हवं? मंग झालं." आणि आत्या, घामानं निथळणारी आत्या, चक्क हसली.

त्या चालीनं त्या दोघी सभामंडपापर्यंत गेल्या. बाईनं आत्याला देवासमोर, खांबाला टेकून बसवलं, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बसा आता निवांत. आलात तुमी." मी पाणी आणायला गेले. परत आले तर ती नव्हती. मी पायऱ्या उतरून घाटापर्यंत बघून आले. कळशीही नव्हती. ती कोण, कुठल्या गावची, मला आजही माहीत नाही. पलीकडच्या काठावरची असेल, तिला घरी जायची घाई असेल. मी यावर जास्त बोलणार नाही. मला एवढंच माहीत आहे की मी वर बघितलं होतं, आणि ती खालून आली.

आत्यानं हात जोडले होते आणि ती देवाशी मोठ्यानं बोलत होती, शेजारच्या बाईशी बोलावं तशी. "ही बघ, आले. पोरीनं बोललेला नवस मी माझ्या पायानं फेडलाय. आता तिला काय बाधू देऊ नगंस." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "जा, भाईर जाऊन पायात कायतरी घाल. टाचंच्या पार चिंध्या झाल्यात."

मी तशीच खाली बसले. "आत्या, तू यासाठी चालत आलीस?"

"मंग कशासाठी? नवस बोललेला आर्धा ऱ्हायला तर बोलणाऱ्याला बाधतो. मी अशीच गेले आसते तर तू काय जन्मभर अनवाणी हिंडणार व्हतीस? म्हणून तर मी समद्या डागदरांना व्हय म्हणत गेले. म्हटलं, कशानं का हुईना, एवढं चालण्याइतकं बळ येऊ दे. पोरीला मोकळी करते, मग बघू."

मी विचारलं, "दुखत होतं तुला?"

तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला. "लय दुखतंय ग पोरी. लय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय केलं आसतंस? आजून एका डागदरकडं नेलं आसतंस." दादा हसला आणि हसता हसताच तोंड फिरवून रडायला लागला. आत्यानं माझ्या केसांवरून हात फिरवला. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी एवढी मेंढरं वळली. पर जी थकली तिला मी कधी मागनं हाकलं न्हाय. तिला खांद्यावर घ्यायची, न्हायतर तिच्यासंगं बसायचं. तू मला हाकत व्हतीस बाळे. मायेनं हाकत व्हतीस, मला कळत व्हतं. पर मी थकली."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. किती वेळ ते माहीत नाही. देवासमोर बसूनही मी देवाकडे बघितलं नाही. मला तेव्हा जे उमगलं ते असं होतं: मी देवाला अट घातली होती, आणि त्या अटीत देव नाही, आत्या अडकली होती. माझा लढा खरा होता, माझे प्रश्न खरे होते, पण लढायचं की बसायचं हे ठरवायचा हक्क माझ्याकडे नव्हता. आत्याच्या होकारात मला तिची इच्छा ऐकू येत होती आणि तो होकार सगळा माझ्या पायांसाठी होता. इतकं प्रेम कुणी आपल्यावर करत असताना आपण त्याच्या वेदनेचं कारण होतो, हे समजणं फार जड असतं. पण त्या मांडीवर ते पेलवलं.

देवळाच्या पायऱ्यांवर बसूनच मी त्या नर्सला फोन लावला. "सिस्टर, तिला दुखतंय," एवढंच म्हणता आलं. तिनं मागचं काही काढलं नाही. आत्ता घरात कोणत्या गोळ्या आहेत ते विचारलं, त्या कशा द्यायच्या ते सांगितलं आणि म्हणाली, "उद्या सकाळी वरकुट्याला येते. आज त्यांना सरळ घरी न्या, आणखी कुठंही नको." दादानं तोवर बाहेरच्या दुकानातून माझ्यासाठी स्लीपर आणल्या होत्या, एक माप मोठ्या. "वाढत्या पायाच्या घेतल्यात," तो म्हणाला. पुण्याची तारीख आम्ही रद्द केली.

सिस्टर आली ती उसाच्या ट्रॉल्यांना शिव्या देत, धुळीनं माखून. पाणी प्यायच्या आधी आत्याजवळ बसली. "कुठं दुखतं, कसं दुखतं, सगळं सांगा. लपवायचं नाही. इथं कुणी बक्षीस देणार नाही." आत्या म्हणाली, "ही भांडकुदळ दिसतीय. बसू दे हिला." डॉक्टरांनी लिहून दिलेली मॉर्फिनची गोळी आणायला दादाला बरंच फिरावं लागलं, पण ती मिळाली. आणि आत्या झोपली. इतकी गाढ की दादा सारखा जाऊन तिच्या नाकाशी हात धरून बघत होता. जागी झाली आणि म्हणाली, "मिश्री कुठं हाय माझी?"

तो काळ आम्हाला बक्षीस मिळाल्यासारखा होता. आत्याची बाज ओसरीत टाकली, कारण भिंतीत तिला कोंडल्यासारखं व्हायचं. गावातल्या बायका यायच्या, ती त्यांना नावं ठेवायची, हसायची, दमली की झोपायची. कोकणातल्या वाटा सांगायची. नांद्रुकीच्या झाडाखाली घोडं उधळलं आणि सगळं पीठ सांडलं, ती गोष्ट तिनं इतक्यांदा सांगितली की शेजारणी पुढचं वाक्य आधीच म्हणायच्या. एक दिवस सिस्टरनं विचारलं की आजार वाढला तर दवाखान्यात न्यायचं का, नळ्या घालायच्या का. पत्रकातलं 'नियोजन' ते हेच, मला कळलं. पण सिस्टरनं मला विचारलं नव्हतं. आत्याला विचारलं होतं, आणि मग उत्तराची वाट बघत गप्प बसली होती. आत्यानं बराच विचार केला. "नळ्या नगंत. हितंच ऱ्हाऊ द्या. तहान लागली तर पाणी पाजा. आन् मी गेल्यावर पोरीला एकटीला बारामतीला लगीच लावून देऊ नगा." सिस्टर म्हणाली, "हे लिहून ठेवू या, नाहीतर ऐन वेळी कुणीतरी घाबरून गाडीत घालतं." या वेळी आत्याचा होकार मी नीट ऐकला. त्यात माझ्यासाठीचं वाक्य शेवटी होतं आणि आधीची सगळी तिची स्वतःची होती.

त्या संस्थेबद्दलचे माझे प्रश्न मिटलेले नाहीत, आणि ते मिटले असं मी खोटं लिहिणार नाही. खिसा बोलतो की इच्छा बोलते, हे अजूनही सगळीकडे नीट विचारलं जात नाही, आणि आत्याच्या बाबतीत मला कळलं की तिसरंही काही बोलू शकतं, माया. मऊ आवाजाच्या भाषणांवर माझा अजून विश्वास नाही. मासिकाकडून मी तो लेख परत मागितला. 'माझ्या आत्याला जगायचं आहे' हा सगळा परिच्छेद काढला, कारण ते वाक्य माझं नव्हतंच. मथळा बदलला. वेदनेची गोळी प्रत्येक तालुक्यात मिळालीच पाहिजे, अशी मागणी घातली. सिस्टरनं तो वाचला आणि म्हणाली, "आता नीट भांडलात."

आत्या गेली ती सकाळी, उन्हं ओसरीत आल्यावर. दादा रानात पाणी द्यायला गेला होता. मी चमच्यानं तिच्या ओठांना पाणी लावत होते. ती म्हणाली, "बास." मी चमचा खाली ठेवला. आधी कधी मी तिच्या 'बास'ला थांबले नव्हते. जेवताना नेहमी आणखी एक घास, औषधाच्या वेळी आणखी एक घोट, असाच माझा हट्ट असायचा. त्या सकाळी मी थांबले आणि तिचा हात हातात घेऊन बसले. श्वास लांब लांब होत गेला आणि मग पुढचा आलाच नाही. चेहऱ्यावर वेदना नव्हती. मी कुणाला हाक मारायला धावले नाही. ती गेली त्या जागी थोडा वेळ तिच्यासोबत नुसती बसून राहिले.

तिचे दिवस झाल्यावर मी एकटीच एसटीनं नरसिंहपूरला गेले. अभिषेकाला बसले. गुरुजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं, आणि सवयीनं पुढचं विचारलं, "संकल्प काय? नोकरी, लग्न, आरोग्य?"

मी म्हटलं, "काही मागायचं नाही, गुरुजी."

"काहीतरी सांगावं लागतं, ताई. देवापुढं हात रिकामा कसा धरायचा?"

मी ओंजळ पुढं केली. "रिकामाच धरते. आजवर भरून आणायचे, म्हणून त्याला त्यात काही ठेवता आलं नाही."

गुरुजींनी मान हलवली आणि पळीभर पाणी माझ्या ओंजळीत सोडलं.